गडाच्या पायथ्याशी घर आहे? पर्यटनाच्या सरकारी योजना दारापर्यंत आणायच्या कशा

11 जुलै 2025 रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे 11 महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्या दिवसापासून पायथ्याच्या गावांत एकच प्रश्न विचारला जातोय: आता आम्हाला काय मिळणार?

सरळ उत्तर द्यायचं तर, यादीत नाव आलं म्हणून कुणाच्या घरी पैसा येत नाही. येतात ती माणसं. ती बघायला येतात, फोटो काढतात, आणि राहण्या-जेवण्याची सोय दिसली नाही तर तासाभरात शहराकडे परततात. त्यांना एक रात्र थांबवण्यासाठी घरातली खोली, अंगणातलं जेवण आणि गावाची गोष्ट लागते. हे उभं करण्यासाठी सरकारच्या बऱ्याच योजना आहेत. पण बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात: आधी कर्ज, मग बांधकाम, मग परवानगी, आणि गावात दाखवायचं काय हे सगळ्यात शेवटी. हा लेख ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं बरीचशी सिंधुदुर्गातली असली, तरी वाट साल्हेरच्या माणसालाही हीच आहे.

आधी, कोणाचं दार ठोठवायचं

पर्यटन म्हटलं की लोक एमटीडीसीकडे जातात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 पासून आहे आणि त्याची पर्यटक निवासं आपल्याला ठाऊक असतात, म्हणून हे साहजिक आहे. पण धोरणं राबवणं, तुमच्या व्यवसायाची नोंदणी करणं, प्रमाणपत्र देणं हे काम पर्यटन संचालनालयाचं. त्याची विभागीय कार्यालयं आहेत आणि तिथे उपसंचालक बसतात. तुमचा जिल्हा कोणत्या कार्यालयाखाली येतो ते पहिल्यांदा शोधा.

किल्ला मात्र पर्यटन खात्याचा नसतो. यादीतल्या महाराष्ट्रातल्या 11 किल्ल्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत, बाकीचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे. किल्ल्याच्या वाटेवर जंगल असेल तर वन विभाग आला. गावातला रस्ता, शौचालय, दिवे ही कामं ग्रामपंचायत आणि जिल्हा नियोजन समितीकडून होतात. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

दाखवण्यासारखं काय आहे ते गावाने ठरवायचं

या टप्प्यावर घाई करू नका. कागदपत्रं कुणीही जमवू शकतो. गावाचं आपलं असं काय आहे, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

पाचगणीजवळचं भिलार बघा. 4 मे 2017 रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. मराठी भाषा विभागाने पुस्तकं दिली, कपाटं दिली, बसायला खुर्च्या दिल्या. जागा दिल्या त्या गावकऱ्यांनी. सुरुवातीला 25 ठिकाणी पुस्तकं मांडली गेली आणि त्यात राहती घरं होती, शाळा होती, देऊळ होतं. एका घरात कविता, दुसऱ्यात कादंबऱ्या, तिसऱ्यात लोकसाहित्य. पुढच्या खोलीत परका माणूस वाचत बसलेला असताना मागच्या खोलीत घरचा स्वयंपाक चाललेला. वाचायचे पैसे नाहीत. कमाई होते ती राहण्यातून, जेवणातून, स्ट्रॉबेरीतून. सरकारचा उपक्रम खेड्यात रुजला, कारण घराचा दरवाजा घरच्यांनीच उघडला. पुढे हीच कल्पना वेरूळ, गोंदियातलं नवेगाव बांध, सांगलीतलं अंकलखोप आणि बाळशास्त्री जांभेकरांचं गाव पोंभुर्ले इथे नेण्यात आली.

दुसरं उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीचं. ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथी, म्हणजे चित्रांच्या पोथ्या दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आपल्या आवारात जपल्या, संग्रहालय केलं, बघायला आलेल्यांना खेळ करून दाखवला. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. तिथे सरकारी सन्मान नंतर आला. त्याआधी घराण्याने कित्येक वर्षं पोथ्या सांभाळल्या होत्या.

आता तुमच्या गावाचं. ग्रामसभेच्या आधी दहा-बारा जाणती माणसं एकत्र बसवा: मानकरी, पुजारी, बचत गटातल्या बायका, शाळेतले गुरुजी, मुंबईहून परतलेला एखादा काका. वर्षाचं कॅलेंडर पुढ्यात ठेवा आणि महिन्यागणिक लिहा. जत्रा कधी, पालखी कधी, भात कधी झोडतात, गौरी-गणपतीत फुगड्या कुठे होतात, कोणत्या घरात अजून जात्यावर दळतात. मग प्रत्येकापुढे एक खूण करा: हे पाहुण्याला दाखवायचं की नाही. काही विधी गावापुरतेच असतात आणि ते तसेच राहू द्यावेत. देवाचा कौल घेताना मोबाईल पुढे करणारा पर्यटक कोणालाच नको असतो. ती मर्यादा आधीच ठरली असेल तर पुढे भांडण होत नाही.

दशावताराचं सांगतो, कारण सिंधुदुर्गात पाहुणे हेच विचारतात. जत्रेत रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की नाटक उभं राहतं. रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. रंग नट स्वतःच्या हाताने लावतात, बाईचं सोंगही पुरुषच घेतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर यांचा आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, आणि मग आख्यान, म्हणजे त्या रात्रीची मुख्य कथा. संवाद कुठे लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस एकमेकांना शब्दात पकडत पहाटेपर्यंत खेळवत नेतात आणि शेवटी दहीकाला होतो. पुण्याहून आलेला पाहुणा हे सगळं कळलं नाही तर बारा वाजता पेंगतो. त्याला संध्याकाळी जेवतानाच आख्यान कोणतं, संकासुर कोण, हे पाच मिनिटांत सांगितलंत तर तो पहाटेपर्यंत हलत नाही.

माझं मत असं की पाहुण्यांसाठी अंगणात अर्ध्या तासाचा दशावतार करून घेण्यापेक्षा त्यांना खऱ्या जत्रेला न्यावं. आणि घरी प्रयोग ठेवायचाच असेल, तर मंडळाचं ठरलेलं मानधन पूर्ण द्यावं. आपण खोलीचं भाडं घेतो आणि कलावंताला नारळ देऊन पाठवतो, हे शोभत नाही.

जागा मोजून घ्या

खोली बांधायला विटा आणण्याआधी हे करा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर हा प्रतिबंधित भाग आणि त्यापुढचे 200 मीटर हा नियंत्रित भाग. मूळ कायदा 1958 चा, ही कडक तरतूद 2010 च्या दुरुस्तीतली. पहिल्या 100 मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही. जुन्या घराची दुरुस्तीही परवानगी घेऊनच करायची. नियंत्रित भागात बांधता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची मंजुरी लागते. अंतर मोजायचं ते स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून. आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या तटापासून मोजलंत तर फसाल. म्हणून पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या.

राज्य संरक्षित किल्ल्यांना राज्याचा 1960 चा कायदा लागू होतो. समुद्राकाठी असाल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळे, वनजमिनीला लागून असाल तर आणखी वेगळे. "सगळेच बांधतात" हे कुणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर राहू नका. जागतिक वारसा यादीत आल्यावर या किल्ल्यांभोवतालच्या बांधकामांकडे लक्ष वाढणार आहे. तसं पाहिलं तर नवी खोली बांधण्यापेक्षा जुनं कौलारू घर, पडवी, माजघर नीट करणं स्वस्तही पडतं आणि पाहुण्याला तेच हवं असतं.

नोंदणी: तुमच्यासाठी कोणता रकाना

राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या द्यायच्या असतील तर होमस्टे, म्हणजे निवास-न्याहारी. केंद्राच्या योजनेत कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 6 खोल्या चालतात आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहत असणं आवश्यक आहे. मुंबईत राहून गावचं बंद घर भाड्याने द्यायचं असेल, तर ते यात बसत नाही.

शेती असेल आणि पाहुण्यांना शेतात न्यायचं असेल तर कृषी पर्यटन केंद्र. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 28 सप्टेंबर 2020 चं आहे. त्यानुसार नोंदणी शुल्क 2,500 रुपये आणि दर 5 वर्षांनी नूतनीकरणाचे 1,000 रुपये. एखाद्या एजंटाने यापेक्षा बरंच जास्त मागितलं तर तो स्वतःसाठी मागतोय हे समजा. पैसे नेहमी ऑनलाइन चलनाने भरा आणि पावती जपा.

गडावर ट्रेक नेणार, तंबूत ठेवणार, दोर लावून कडा उतरवणार असाल, तर 24 ऑगस्ट 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली वेगळी नोंदणी आहे. सुरक्षेच्या अटी कडक आहेत आणि तशाच असाव्यात.

कागद साधारण हेच लागतात: आधार, पॅन, जागेचा सातबारा किंवा घराचा असेसमेंट उतारा, वीजबिल, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि खोल्यांचे, शौचालयाचे फोटो. अर्ज ऑनलाइन भरला की खात्याचा माणूस जागा बघायला येतो.

कोकणात या यादीतला एकच कागद वर्षभर अडवतो, तो म्हणजे सामाईक सातबारा. उताऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत, दोघे बडोद्याला. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र नसेल तर फाईल पुढे सरकत नाही. यावर उपाय गणपतीचा. चाकरमानी घरी येतात तेव्हा मसुदा तयार ठेवा, नोटरीची वेळ आधी ठरवा आणि आरती-प्रसाद झाल्यावर काका-काकूंना शांतपणे समजावून सह्या घ्या. कमाईत त्यांचा वाटा असेल की नसेल तेही त्याच कागदावर लिहा. तोंडी ठेवलेली गोष्ट पहिल्या हंगामानंतर वादाची होते.

प्रमाणपत्र हातात पडलं की वीज, पाणी आणि घरपट्टी घरगुती दराने लागणार की व्यापारी, हे महावितरण आणि ग्रामपंचायतीला लेखी विचारा. उत्तर फाईलला लावा.

पैसा: बाईच्या नावाने करा, पण तिच्याच हातात द्या

राज्याने 2023 साली 'आई' हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणलं. व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि तिने चालवलेला असेल, तर बँकेकडून घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. ही सवलत 7 वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये व्याज होईपर्यंत, यापैकी जे आधी होईल तोवर.

यात नवख्यांना दोन गोष्टी उमगत नाहीत. एक, हे अनुदान नाही, व्याजाचा परतावा आहे. हप्ता आधी तुम्ही भरायचा, वेळेवर भरायचा, मग व्याज तुमच्या खात्यात येतं. हप्ता चुकला की परतावाही अडकतो. दुसरी गोष्ट आकड्याची. समजा बँकेचा दर 10 टक्के आहे आणि कर्ज 7 वर्षांत फेडायचंय. 15 लाख घेतले तर एकूण व्याज सुमारे 5 लाख 90 हजार होतं, म्हणजे साडेचार लाखांवरचं तुमच्या खिशातून. 10 लाख घेतले तर व्याज सुमारे 3 लाख 95 हजार, ते सगळंच मर्यादेत बसतं. म्हणून 15 लाख मिळतात म्हणून 15 घेऊ नका. दोन खोल्या, दोन स्वच्छ शौचालयं आणि स्वयंपाकघराची डागडुजी यांचा अंदाज गवंड्याकडून काढा आणि तेवढंच मागा.

क्रमही लक्षात ठेवा: आधी पर्यटन संचालनालयाकडे अर्ज करून पात्रतेचं पत्र घ्यायचं, मग ते घेऊन बँकेत जायचं. आधी कर्ज काढून नंतर योजनेत घुसवायचा प्रयत्न केला तर अडचण येते.

आणि सवलतीसाठी बायकोचं नाव लावून व्यवहार नवऱ्याने बघायचा, असं करू नका. खेड्यातल्या होमस्टेचं सगळं काम बाईच करते. पाहुण्यांची चादर, सकाळचे घावणे, दुपारचं सोलकढीचं ताट. खातं, फोन आणि दर ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडेच असला पाहिजे. धोरणाचा हेतू तोच आहे.

पाहुणा यायच्या आधी

इथे थोडक्यात. जेवण देणार म्हणून अन्न सुरक्षा नोंदणी करा, लहान व्यवसायाला ती स्वस्त आहे. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, तीही करून टाका. पाहुण्यांची वही ठेवा आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. हे विसरणाऱ्यांवर कारवाई होते. दर भिंतीवर लिहून लावा.

पनीर आणि चायनीजच्या मागे लागू नका. पाहुण्याला तुमच्या घरी त्या दिवशी जे शिजतं ते हवं असतं, फक्त तिखट विचारून घ्या.

गोष्ट खरी सांगा

विजयदुर्गावर गेलात की 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, 1868 साली नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने इथूनच सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला. गोष्ट आवडीची आहे, पण 1868 मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्या ऑगस्टचं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेनने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची खूण ठरली, ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून पाहिली. लॉकियर विजयदुर्गला आला खरा, पण तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, दुर्बिणी आणि नौदलाची माणसं घेऊन. ज्याचं नाव हेलियमशी जोडलं गेलं, तो पुढे तीस वर्षांनी खुद्द आपल्या किल्ल्यावर ग्रहण बघायला उतरला, ही गोष्ट काय कमी आहे? ती सांगा. आता जगभरची माणसं येणार आहेत, आणि त्यांच्यातला कोणी आधीच वाचून आलेला असेल.

गावातल्या दोन-तीन मुलामुलींना यासाठी तयार करा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक सुविधादाता प्रशिक्षणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, आणि राज्याचं संचालनालयही स्थानिकांसाठी गाईड प्रशिक्षण घेतं. संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात नाव नोंदवून ठेवा म्हणजे पुढच्या तुकडीची खबर लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम 1664 ला सुरू झालं, आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, ही माहिती ज्याला तोंडपाठ आहे आणि जो तिच्यात आपल्या पणजोबांच्या होडीची गोष्ट मिसळतो, त्याचा हात पाहुणा सोडत नाही.

गावासाठी निधी

एकट्या घराने रस्ता होत नाही. ग्रामसभेत ठराव करा की अमुक ठिकाणाला 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळावा. ठरावासोबत जागेचा उतारा, फोटो, वर्षाला येणाऱ्या लोकांचा अंदाज आणि ठिकाणाचं महत्त्व सांगणारं एक पान जोडा. प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीपुढे जातो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. दर्जा मिळाला की वाहनतळ, शौचालय, पायवाट, दिवे, फलक यांसाठी निधी मागायची वाट मोकळी होते. मागणीत आधी शौचालय आणि कचऱ्याची सोय लिहा. प्रवेशद्वाराची कमान सगळ्यात शेवटी. केंद्र सरकार उत्तम पर्यटन गावांची स्पर्धाही घेतं. बक्षिसासाठी नाही तरी अर्जातले प्रश्न वाचण्यासाठी तो फॉर्म उघडा, आपल्या गावात काय उणं आहे ते त्यात कळतं.

वेळेचं गणित किनाऱ्यावर असं बसतं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते, पर्यटक कमी, कार्यालयात गर्दी कमी. जून-जुलैत अर्ज आणि पुरातत्त्वाचं पत्र, गणपतीत हिस्सेदारांच्या सह्या, नवरात्रापर्यंत जागेची पाहणी. कार्तिकात जत्रा सुरू होतात. त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत, ओळखीतलं एक कुटुंब घरी ठेवून बघा, त्यांच्याकडून पूर्ण पैसे घ्या आणि जाताना काय खटकलं ते वहीत लिहून मागा.